पाच आकडे आणि एक रेषा : ताळेबंदातला तक्ता कॅल्क्युलेटरमध्ये नेताना घोटाळा कुठे होतो?

बेळगाव : ऑगस्ट-सप्टेंबर आला की सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम सुरू होतो. अहवालाची पुस्तिका हातात पडते. मधल्या पानावर एक आलेख असतो. डावीकडून उजवीकडे चढत जाणारी रेषा आणि तिच्या टोकाला पुढच्या दोन-तीन वर्षांचं ‘उद्दिष्ट’. बहुतेक सभासद त्यावर नजर टाकून पान उलटतात.

पण त्या टोकावरच बऱ्याच गोष्टी ठरत असतात. नवी शाखा काढायची का, ठेवीवर किती व्याज द्यायचं, कर्जाला किती रक्कम मोकळी ठेवायची, पिग्मी एजंटांना किती टार्गेट द्यायचं. आणि ती रेषा आकाशातून पडलेली नसते. ऑफिसातल्या कुणीतरी एक्सेलमधला तक्ता उचलून एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलेला असतो, दोन बटणं दाबलेली असतात आणि आलेली रेषा छापखान्याकडे पाठवलेली असते.

दूध डेअरीचं संकलन, शाळेची पटसंख्या, दुकानाची महिन्याची विक्री, उसाचा एकरी उतारा, सगळीकडे आता हेच होतं. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मोबाइलवरही चालतं. अडचण एवढीच की त्याला काहीही दिलं तरी ते रेषा काढून देतं. ‘हे आकडे चुकीचे वाटतात’ असं ते कधी म्हणत नाही. म्हणून ही रेषा येते कुठून, तक्ता आत नेताना काय बिघडतं आणि कोणत्या रेषेवर किती भरवसा ठेवायचा, हे एका छोट्या उदाहरणातून पाहू.

रेषा ‘बसवणं’ म्हणजे काय?

समजा एका लहान सोसायटीच्या मार्चअखेरच्या ठेवी अशा आहेत. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

२०१९ : ४० लाख
२०२० : ४४ लाख
२०२१ : ४७ लाख
२०२२ : ५३ लाख
२०२३ : ५६ लाख

हे पाच ठिपके कागदावर मांडले तर ते साधारण एका ओळीत दिसतात, पण तंतोतंत नाही. पट्टी ठेवून रेषा ओढायची म्हटली तर दहा जण दहा रेषा ओढतील. त्यातली सर्वांत चांगली कोणती, हे ठरवण्याचा नियम म्हणजे न्यूनतम वर्ग पद्धत. प्रत्येक ठिपका रेषेपासून किती वर किंवा खाली आहे ते मोजायचं, त्या फरकाचा वर्ग करायचा आणि सगळ्या वर्गांची बेरीज ज्या रेषेला सर्वांत कमी येते ती रेषा घ्यायची. वर्ग यासाठी की अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकू नयेत आणि मोठी चूक मोठीच मोजली जावी. फ्रेंच गणिती लेजांद्र यांनी १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षांवरच्या आपल्या पुस्तकात ही पद्धत प्रथम छापली. जर्मन गणिती गाऊस यांनी १८०९ मध्ये ती मांडली आणि आपण ती आधीपासून वापरतो असा दावा केला. आजचं प्रत्येक सॉफ्टवेअर साध्या रेषेसाठी तीच पद्धत वापरतं.

बीकॉमला संख्याशास्त्र घेतलेल्यांनी हे गणित हाताने केलेलं असतं. मधलं वर्ष, म्हणजे २०२१, शून्य धरायचं. मग वर्षं होतात उणे २, उणे १, ०, १, २. ठेवींची बेरीज २४०, तिला ५ ने भागलं की ४८. पुढे प्रत्येक वर्षाचा अंक आणि ठेव यांचा गुणाकार करून बेरीज घेतली की ४१ येते. वर्षांच्या अंकांच्या वर्गांची बेरीज १०. एक्केचाळीस भागिले दहा म्हणजे ४.१. झाली रेषा तयार : मधल्या वर्षी ४८ लाख आणि दर वर्षी ४.१ लाखांची भर.

या रेषेप्रमाणे २०२४ चा अंदाज ६०.३ लाख आणि २०२५ चा ६४.४ लाख. प्रत्यक्ष आकडा आणि रेषेवरचा आकडा यांतला फरक पाच वर्षांत अनुक्रमे ०.२, ०.१, उणे १, ०.९ आणि उणे ०.२. म्हणजे कुठल्याही वर्षी चूक एक लाखाच्या वर नाही. अभियांत्रिकीच्या मुलांनाही हा धडा चुकत नाही. बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या गणितात ‘कर्व्ह फिटिंग’ या नावाने तो येतो आणि परीक्षेत हातानेच सोडवावा लागतो.

तक्ता सॉफ्टवेअरमध्ये कसा न्यायचा?

कॅसिओच्या हातातल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरमध्येही हे गणित होतं. स्टॅटिस्टिक्सचा मोड निवडून एकेक आकडा भरायचा. पाच आकड्यांना ठीक, पण पाच वर्षांचं रोजचं दूध संकलन असेल तर बोटं दुखतील. तिथे संगणकावरचं किंवा मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर कामाला येतं.

डेस्मॉस हे ब्राउझरमध्ये चालणारं आलेखाचं कॅल्क्युलेटर. एक्सेल किंवा गूगल शीटमधले दोन रकाने, डावीकडे वर्ष आणि उजवीकडे रक्कम, निवडून कॉपी करायचे आणि डेस्मॉसच्या रिकाम्या ओळीत पेस्ट करायचे. तक्ता आपोआप तयार होतो. रकान्यांची शीर्षकं घेऊ नयेत, फक्त आकडे घ्यावेत. मग खालच्या ओळीत ‘वाय-वन’ लिहून बरोबरच्या खुणेऐवजी नागमोडी खूण द्यायची. संगणकाच्या कीबोर्डवर ती शिफ्ट धरून एकच्या डावीकडच्या बटणावर मिळते. तिच्यापुढे ‘एम एक्स-वन अधिक बी’ लिहिलं की एम आणि बी यांच्या किमती लगेच समोर येतात. वरच्या उदाहरणात मधलं वर्ष शून्य धरून वर्षं टाकली तर एम ४.१ आणि बी ४८ येतो. हाताने केलं तेच.

जिओजेब्रा हे दुसरं. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ते सुरू केलं. त्याच्या क्लासिक आवृत्तीत आतच स्प्रेडशीट आहे. तिथे तक्ता पेस्ट करून निवडायचा आणि दोन चलांच्या रिग्रेशनचं बटण दाबायचं. खाली यादी येते : सरळ रेषा, लॉग, बहुपदी, घात, घातांकी, साइन, लॉजिस्टिक वगैरे. एकेक निवडून पाहता येतं.

एक्सेलमध्येच काम उरकायचं असेल तर ‘स्कॅटर’ प्रकारचा आलेख काढायचा, ठिपक्यावर उजवं बटण दाबून ‘ट्रेंडलाइन’ घ्यायची आणि समीकरण व आर-स्क्वेअर दाखवण्याच्या दोन चौकटींवर खूण करायची. इथे अनेक जण ‘स्कॅटर’ऐवजी ‘लाइन’ आलेख निवडतात. तो दिसायला चांगला असतो, पण त्याच्या ट्रेंडलाइनमध्ये वर्षांच्या जागी नुसते १, २, ३ धरले जातात. मधलं एखादं वर्ष तक्त्यात नसेल तरी त्याला पत्ता लागत नाही.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

खरा घोटाळा रेषा काढताना क्वचित होतो. तो होतो त्याआधी, आकडे आत नेताना. आणि सीमाभागात त्याला एक खास कारण आहे : इथल्या नोंदी एका लिपीत नसतात. जुनं रजिस्टर मराठी अंकांत, सरकारी कागद कधी कन्नड अंकांत, बँकेचं स्टेटमेंट इंग्रजी अंकांत. टाइप करणाऱ्याने कीबोर्ड मराठीवर ठेवला की ५३ हा आकडा मराठी अंकांत पडतो. माणसाला तो आकडाच दिसतो. एक्सेलला मात्र तो बहुतेक वेळा अक्षरांसारखा मजकूर वाटतो.

त्याने काय बिघडतं ते पाहा. वरच्या तक्त्यात फक्त २०२२ चा ५३ मराठी अंकांत टाइप झाला आणि बाकीचे चार इंग्रजी अंकांत आहेत असं समजू. एक्सेलचा आलेख मजकुराला शून्य धरतो. मग ठेवी होतात ४०, ४४, ४७, ०, ५६. रेषेचा चढ ४.१ वरून थेट उणे १.२ वर येतो. म्हणजे दर वर्षी चार लाखांनी वाढणारी सोसायटी कागदावर दर वर्षी सव्वा लाखाने बुडायला लागते. २०२४ चा अंदाज ६०.३ ऐवजी ३३.८ लाख! त्याच तक्त्यावर एक्सेलचं ‘स्लोप’ हे सूत्र चालवलं तर ते मजकुराची ओळच सोडून देतं आणि चढ सुमारे ३.९७ दाखवतं. एकच फाइल, एकच सॉफ्टवेअर, दोन उत्तरं.

ओळखण्याची खूण सोपी आहे. एक्सेलमध्ये कुणी मुद्दाम बदललं नसेल तर खरा आकडा चौकटीत उजवीकडे सरकून बसतो आणि मजकूर डावीकडे. रकान्यात एखादा आकडा डावीकडे चिकटलेला दिसला की थांबावं. मराठी किंवा कन्नड अंक असतील तर ‘शोधा आणि बदला’ वापरून दहा अंक दहा वेळा बदलावेत. कंटाळवाणं आहे, पण पाच मिनिटांचं काम आहे. याच बातमीतला वरचा तक्ता कॉपी करून पेस्ट केला तरी हाच अनुभव येण्याची शक्यता आहे, कारण इथले अंक मराठी आहेत आणि पुढे ‘लाख’ हा शब्दही आहे.

दुसरी अडचण स्वल्पविरामाची. सोसायटीच्या किंवा बँकेच्या सॉफ्टवेअरमधून माहिती बहुधा सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर पडते. या फाइलमध्ये दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम हीच भिंत असते. आपल्याकडे रक्कम लिहिताना ४०,००,००० असं लिहितात. अवतरणचिन्हांशिवाय ही रक्कम फाइलमध्ये आली तर तिचे तीन रकाने होतात : ४०, ०० आणि ०००. रक्कम फाइलमध्ये नेहमी स्वल्पविरामाशिवाय, नुसते अंक अशी असावी. फाइल उघडल्यावर सभासदांची मराठी नावं विचित्र चिन्हांत दिसली तर घाबरू नये. ती डबल-क्लिक करून न उघडता ‘डेटा’ मेनूतून आयात करावी आणि यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा.

तिसरी अडचण तारखेची. आपण ०५/०४/२०२४ लिहितो ते ५ एप्रिल. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर तो ते ४ मे वाचतो. २५/०४/२०२४ असं असेल तर पंचविसावा महिना नसल्याने तो ते मजकूर म्हणून सोडून देतो. म्हणजे अर्ध्या तारखा चुकीच्या महिन्यात आणि अर्ध्या बिनकामाच्या. रोजच्या नोंदींच्या तक्त्यात ही चूक शोधणं महाकठीण. शिवाय एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवसांचा आकडा असतो. ३१ मार्च २०२४ म्हणजे त्याच्या लेखी ४५३८२. वर्षाऐवजी अशा तारखा टाकून रेषा काढली तर चढ दर वर्षाचा न राहता दर दिवसाचा होतो. ४.१ च्या जागी ०.०११२ दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं की वाढ थांबलीच. प्रत्यक्षात दिवसाला ११०० रुपयांच्या थोडं वर म्हणजेच वर्षाला ४.१ लाख.

सोळा हजार रुग्ण तक्त्यातून पडले

तक्ता आत नेतानाची चूक किती महागात पडते याचं गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. कोरोनाच्या काळात, २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठ दिवसांत १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या सरकारी आकड्यांतून गळले. प्रयोगशाळांकडून माहिती येत होती, पण ती एकत्र करताना एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारची फाइल वापरली जात होती. त्या प्रकारात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. एका रुग्णाच्या अनेक ओळी होत असल्याने फाइल लवकर भरली आणि पुढची माहिती बाहेर राहिली. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्या लोकांना शोधायचं काम तेवढे दिवस लांबलं. नव्या एक्सएलएसएक्स प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात.

धडा साधा आहे. रेषा काढण्याआधी मूळ नोंदी किती आणि आत आलेल्या किती, हे मोजावं. रकमेची मूळ बेरीज किती आणि आत आल्यावर किती, हे जुळवावं. रोजमेळ जुळल्याशिवाय कॅशिअर घरी जात नाही, तसंच हे.

शंभर टक्के जुळणारी वक्ररेषा

आकडे नीट आत आले की दुसरा मोह सुरू होतो. रेषा ठिपक्यांच्या अगदी अंगावरून जावी असं प्रत्येकाला वाटतं. किती जुळली हे सांगणारा आकडा म्हणजे आर-स्क्वेअर. तो १ च्या जितका जवळ तितकी रेषा ठिपक्यांना जवळ. आपल्या सरळ रेषेचा आर-स्क्वेअर ०.९८९ येतो.

आता एक्सेलच्या ट्रेंडलाइनमध्ये ‘पॉलिनॉमिअल’ निवडून त्याची घात-पायरी ४ करा. वक्ररेषा पाचही ठिपक्यांतून बरोबर जाते. आर-स्क्वेअर नेमका १. याहून चांगलं काय असणार?

हीच वक्ररेषा पुढे वाढवली की २०२४ ला ठेवी ४० लाख येतात, म्हणजे चार वर्षांची कमाई एका वर्षात साफ. आणि २०२५ ला उणे २१ लाख! ठेवी शून्याखाली जाऊच शकत नाहीत, पण वक्ररेषेला ते ठाऊक नाही. पाच ठिपक्यांना पाच मोकळे आकडे दिले की कुठलेही ठिपके जुळवता येतात, त्यात सोसायटीबद्दल काही कळलेलं नसतं. २०२१ चे ४७ आणि २०२२ चे ५३ यांतली किरकोळ वर-खालही तिने गंभीरपणे घेतली आणि पुढे तीच फुगवली.

असं मोठ्या ठिकाणीही होतं. ५ मे २०२० ला अमेरिकेच्या अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने कोरोना मृत्यूंचा एक आलेख प्रसिद्ध केला. त्यात ‘क्युबिक फिट’, म्हणजे तिसऱ्या घाताची वक्ररेषा होती आणि ती मेच्या मध्यापर्यंत जवळजवळ शून्यावर उतरत होती. आकड्यांचा कल नीट दिसावा एवढ्यासाठीच ती आहे, असं परिषदेचं म्हणणं होतं. तज्ज्ञांनी तेव्हाच टीका केली. मृत्यू शून्यावर आले नाहीत. मे संपण्याआधी अमेरिकेतली एकूण मृत्यूसंख्या एक लाखाच्या पुढे गेली. वक्ररेषेने मागचे ठिपके जुळवले होते, पण साथ कशी पसरते याचं काहीच तिच्यात नव्हतं.

दोन्ही रेषा सारख्याच चांगल्या, मग खरी कोणती?

यापेक्षा अवघड प्रश्न वेगळा आहे. त्याच पाच आकड्यांवर सरळ रेषेऐवजी घातांकी वक्ररेषा बसवून पाहा. ही चक्रवाढीची रेषा. ठराविक रक्कम न वाढता ठराविक टक्के वाढ. एक्सेल सांगतं की वाढ वर्षाला सुमारे ९ टक्के. आर-स्क्वेअर ०.९९०. सरळ रेषेचा होता ०.९८९. म्हणजे दोन्ही जवळजवळ बरोबरीत.

२०२४ ला सरळ रेषा म्हणते ६०.३ लाख, चक्रवाढीची म्हणते ६१.७ लाख. फार फरक नाही. २०२५ ला ६४.४ आणि ६७.२. पण २०३१ पर्यंत ताणलं तर सरळ रेषा ८९ लाखांवर आणि दुसरी ११२ लाखांच्या पुढे. तेवीस लाखांचा फरक, आणि मागचे आकडे दोघींना जवळजवळ सारखेच गुण देतात.

इथे कॅल्क्युलेटर संपतं आणि धंद्याची माहिती सुरू होते. ठेवीदार व्याज न काढता ठेव पुन्हा ठेवतात का? मग वाढ चक्रवाढीने होईल. की दर वर्षी ठराविक नवे सभासद येतात आणि जुने व्याज घरखर्चाला नेतात? मग सरळ रेषा बरी. पेठेत नवी बँक आली, उसाचं बिल थकलं, एखादा मोठा ठेवीदार गेला, यातलं काहीच त्या पाच आकड्यांत नाही. पाच वर्षांच्या आकड्यांवरून एक-दोन वर्षं पुढे पाहणं चालतं. दहा वर्षं पुढे पाहणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

घातांकी रेषेबाबत आणखी एक बारकावा. एक्सेल आधी रकमांचे लॉग घेतं आणि मग सरळ रेषा बसवतं. त्यामुळे तक्त्यात एक जरी शून्य किंवा उणे आकडा असेल तर हा पर्यायच चालत नाही. डेस्मॉस मूळ रकमांवर बसवतं आणि ‘लॉग मोड’ची चौकट टिक केली तरच एक्सेलसारखं करतं. म्हणून दोघांची उत्तरं थोडी वेगळी आली तर कुणी चुकलं असं नाही, पद्धत वेगळी आहे.

समीकरण उतरवून घेताना

शेवटचा खड्डा सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. एक्सेलच्या आलेखावर दिसणारं समीकरण पाहून, ते कागदावर उतरवून, साध्या कॅल्क्युलेटरवर पुढचं वर्ष काढण्याची सवय अनेकांना आहे. वर्षं १, २, ३ अशी टाकली असतील तर चालतं. २०१९, २०२० अशी पूर्ण टाकली असतील तर घात होतो.

आपल्याच आकड्यांवर दुसऱ्या घाताची वक्ररेषा, पूर्ण वर्षं घालून काढली तर समीकरण साधारण असं दिसतं : वर्षाच्या वर्गाला ०.०७१४ ने गुणा, त्यातून वर्ष गुणिले २८४.६१ वजा करा आणि २८३५०८ मिळवा. आता २०२४ घालून पाहा. उत्तर येतं उणे ४७ लाख! खरं उत्तर ६०.८ लाख आहे. वक्ररेषा बरोबर आहे, समीकरणही बरोबर आहे. फक्त दाखवताना दशांश छाटले आहेत. ०.०७१४ च्या पुढचे अंक क्षुल्लक वाटतात, पण त्यांना २०२४ च्या वर्गाने, म्हणजे चाळीस लाखांहून मोठ्या आकड्याने गुणलं जातं. छाटलेला कण डोंगर होतो.

उपाय जुन्या बीकॉमच्या पुस्तकातलाच : मधलं वर्ष शून्य धरावं. आकडे लहान राहतात, छाटलेल्या दशांशांनी फरक पडत नाही आणि ४८ या आकड्यालाही अर्थ राहतो, तो म्हणजे मधल्या वर्षाची रेषेवरची ठेव. पूर्ण वर्षं घातलेल्या सरळ रेषेत त्याच जागी उणे ८२३८.१ येतं. त्याचा शब्दशः अर्थ काढायचा तर इसवी सन शून्यात सोसायटीला ८२ कोटींचा खड्डा होता!

सभेत काय विचारावं?

तक्ता करणाऱ्यासाठी क्रम असा ठेवावा : आधी नोंदी आणि बेरीज जुळवणं, मग सगळे अंक एका लिपीत आणि उजवीकडे आहेत का पाहणं, मग स्कॅटर आलेख काढून ठिपके डोळ्यांनी बघणं. रेषा त्यानंतर, आणि आर-स्क्वेअर सर्वांत शेवटी. एखादा ठिपका एकटाच दूर पडलेला दिसला तर तो पुसू नये. आधी मूळ रजिस्टर उघडावं. टायपिंगची चूक असेल तर दुरुस्त होईल, आणि खरीच घट असेल तर सभासदांना कळायला हवी ती गोष्ट तीच आहे.

सभासदांना सॉफ्टवेअर येण्याची गरज नाही. अहवालातला चढता आलेख दिसला की चार प्रश्न पुरेत. ही रेषा किती वर्षांच्या आकड्यांवर काढली? सरळ आहे की वक्र, आणि तीच का निवडली? मागच्या वर्षीच्या अहवालातल्या रेषेने यंदा किती सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात किती झालं? आणि रेषेप्रमाणे झालं नाही तर शाखेचं भाडं कोण भरणार?

यातल्या तिसऱ्या प्रश्नाला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. गेल्या वर्षीची पुस्तिका घरात जपून ठेवलेली असली की झालं.